टँकचाच नंबर पहिला

सोपान, टँकच एक नंबर. घे, आधीच लिहून टाकलं. बारा-तेरा वर्षं तू हे माझ्या तोंडून ऐकायला टपला होतास आणि मी कधी दाद दिली नाही. आता कबूल करतोय, तर तुझं ते कुजकं हसू बघायला मिळणार नाही. तुझा दहावा होऊन चार दिवस झाले. मी अजून गावातच आहे. औरंगाबादला कॉम्प्युटर क्लासवर फोन करून सांगितलं की घरात अडचण आहे, शिकवायला दुसऱ्या कुणाला उभं करा. मित्र गेला असं सांगितलं असतं तरी सुट्टी मिळाली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कसा गेला, आणि त्याचं उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती.

सातवीच्या परीक्षेनंतर हिंगोलीच्या मामानं मला तो गेम दिला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, आणि टीव्हीच्या मागं अँटेनाच्या जागी खुपसायची वायर. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलं होतं. आपण दोघांनी मांडी घालून मोजले तर अकरा निघाले, पुढे तेच अकरा नवी नावं घेऊन यायचे. नावं इंग्रजीत. तू चौथीतून शाळा सोडलेली आणि माझं इंग्रजीही यथातथाच, म्हणून आपण आपली नावं ठेवली. फौजी, टँक, विटा, पेट्रोलची गाडी. आजही मला त्यांची खरी नावं उच्चारताना कुणा दुसऱ्याच्याच गेमबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

तू दुपारी बकऱ्या आमच्या चिंचेखाली बसवायचास, कुत्रं राखणीला ठेवायचास आणि अर्धा तास आत यायचास. दारातच पाय धुवायचास. आई म्हणायची, "सोपाना, आत ये की रे, बकऱ्याचा वास काय आमाला नवा हाय का," तरी तू उंबऱ्याजवळच बसायचास, रिमोटची वायर ताणून. मला तेव्हा वाटायचं, तुला लाज वाटते. पुढे कळलं, तिथून तुला घुंगरांचा आवाज येत होता.

भांडण एकच. अकरांत भारी कोणता. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं यादी लिहिली होती. मी शाळेला गेलो की तू टँक वर न्यायचास, तू माळावर गेलास की मी फौजी वर आणायचो. माझं म्हणणं सरळ होतं. फौजीत जंगल आहे, धबधबा आहे, बंदुका बदलतात, दर वेळी नवा राक्षस येतो आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट आहे. टँकमध्ये काय, तेच मैदान, त्याच विटा. शेवटचा नकाशा पार केला की पुन्हा पहिला. ज्या गेमला शेवटच नाही, तो गेम कसला? हे मी तुला वकिलासारखं हात नाचवत सांगायचो.

तू कधी आवाज चढवला नाहीस. "त्याच्यात राखायचं असतंय," एवढंच म्हणायचास. टँकच्या गेममध्ये खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पाखरू असतं. शत्रूचे टँक वरून येतात, त्यांनी पाखरू उडवलं की खेळ खलास, मग तुमचे कितीही जीव शिल्लक असोत. मी टँक घेऊन वर शिकारीला जायचो, तू पाखराजवळून हलत नव्हतास. मी दहा टँक उडवून ऐटीत तुझ्याकडे बघायचो आणि तू म्हणायचास, "तू तिकडं मारून राहिलास, इकडं तीन आले व्हते. मी व्हतो म्हणून." ते तीन मी कधी पाहिलेच नाहीत. मला वाटायचं, तू थापा मारतोस.

आणि फौजीतल्या धबधब्यावर तर तुझा भारी राग. दोघं खडकांवरून उड्या मारत वर चढतात, आणि पुढचा भरभर वर गेला की चित्र त्याच्यासोबत सरकतं आणि मागचा आपोआप मरतो. शत्रू नाही, गोळी नाही, मागं राहिला म्हणून मेला. माझा फौजी कायम पुढे असायचा. तू रिमोट खाली ठेवून म्हणालास, "असला कसला गेम बनवलाय रम्या? सोबतचाच मारून राहिला." मी म्हणालो, "तू लवकर चढ ना मग." मला वाटलं, वाद जिंकला.

मग ते करडू गेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी तुला आग्रह करकरून फौजी खेळायला लावलं, पाचव्या भागापर्यंत पोचलो आपण, पहिल्यांदाच. बाहेर कुत्रं भुंकत होतं. तू एकदा मान वळवलीस आणि मी तुझा हात धरून "थांब, थांब, आता राक्षस येतो" म्हणालो. तू बाहेर गेलास तेव्हा लांडगा करडू घेऊन नाल्यापार गेला होता. तुझ्या बापानं तुला चिंचेखालीच फोकानं मारलं. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर येऊन, "मी थांबवला होता त्याला" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तुझा बाप मला मारणार नव्हता. पाटलाच्या पोराला कोण मारतं? तरीही मी आलो नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलास, पाठ सुजलेली, उंबऱ्यावर बसलास. मला वाटलं, आता भांडशील. तू म्हणालास, "फौजीत मागं काहीच नसतंय ना. म्हणून मागचं इसरायला होतंय." आणि टँकची कॅसेट, म्हणजे तीच कॅसेट, फुंकर मारून बसवलीस. गेमबद्दल इतकं शहाणं वाक्य मी पुढे कुठं वाचलं नाही, आणि मी बरंच वाचलंय. तेव्हा मात्र मी तोंड वाकडं केलं होतं.

हे सगळे वाद लाईट गेल्यावर रंगायचे, आठवतं का? टीव्ही चालू असताना भांडायला वेळ कुणाला होता. भारनियमन असेल तर इलाज नसायचा. पण कधी नुसता आपल्याच फेजचा फ्यूज उडायचा, तेव्हा आमच्या विहिरीजवळच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, जाऊन कुणीतरी तो बसवला की टीव्ही चालू. कंपनीचा वायरमन आठवड्यातून एकदा दिसायचा. दादांनी, माझ्या वडिलांनी, मला डीपीकडे फिरकायचंही नाही असं बजावलं होतं. तुला तसं कुणी बजावलं नव्हतं. मी नियम काढला, वादात जो हरेल तो डीपीवर जाईल. तुला नियम पटला. तुला नियम आवडायचे.

पहिल्याच दिवशी मी खोटं बोललो. हे तुला आजवर सांगितलेलं नाही. मी म्हणालो, मामाकडे हिंगोलीला मी फौजीचा शेवट पाहिलाय. तू पुढं सरकलास. "काय होतंय?" मी तिथल्या तिथे रचलं, की राक्षस मरतो, दोघं गावात परत येतात, बँड लागतो, लोक हार घालतात. "दोघंबी?" "दोघंही." मग म्हणालास, "मंग चांगलाय. दोघंबी येत असतील तर चांगलाय." आणि हार कबूल करून उठलास, वाळकी काठी घेतलीस आणि डीपीवर गेलास. मी ओसरीत उभा राहून, बल्ब लागतो का ते बघत होतो. लागला. तू धावत आलास, तळहात कोळशासारखे काळे, आणि हसत होतास. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास.

त्यानंतर तुला ते काम चिकटलंच. मी अकरावीला औरंगाबादला गेलो आणि तू गावाचा फ्यूजवाला झालास. कुणाची चक्की बंद, कुणाच्या लग्नात अंधार, कुणाची मोटर चालत नाही, की "सोपानला बोलवा". पगार नाही, हातमोजे नाहीत, नुसता एक पाना, पकड आणि बांबू. तू आधी सबस्टेशनला फोन लावून लाईन बंद करून घ्यायचास, मगच हात लावायचास. याबाबतीत तू माझ्यापेक्षा, आणि खरं सांगायचं तर कंपनीपेक्षाही कडक होतास. नरसीला जाऊन वारकऱ्याची माळ घातलीस, लग्न केलंस, मुलगी झाली. बकऱ्या वाढवल्यास. मी सुट्टीत आलो की तू पहिला प्रश्न विचारायचास, "काय रम्या, आता कोणता एक नंबर?"

औरंगाबादला क्लास सुटल्यावर आम्ही चार-पाच जण चहावर हेच बोलतो. जगातले सगळ्यात भारी जुने गेम कोणते. कॉम्प्युटरवर लोकांनी लांबलचक याद्या केलेल्या असतात, शंभर-शंभरच्या, आणि त्यावर माणसं एकमेकांची आईबहीण काढतात. आमच्यातला एक जण सांगतो की गेमची गोष्ट बघायची, दुसरा म्हणतो चित्रं, तिसरा म्हणतो तो गेम आल्यावर बाकीचे किती बदलले ते बघायचं. एकदा मी म्हणालो, मागं काही राखायला आहे का ते बघायचं. मग एकानं विचारलं, हे कुठं वाचलं? मी म्हणालो, असंच, सुचलं. तुझं नावही घेतलं नाही मी. चोरी केली सरळ.

तिथंच मी फौजीचा शेवट पाहिला, कॉम्प्युटरवर, एकट्यानं खेळून. सांगू? बँड नाही, हार नाहीत. एक हेलिकॉप्टर उडतं, मागं बेट फुटतं, मग नावं येतात. हेलिकॉप्टरमध्ये एक आहे की दोघं, हेही दिसत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की यंदा पोळ्याला गावी जाताना क्लासमधला जुना कॉम्प्युटर घेऊन जायचा, टँक लावायचा, तुझ्यासोबत शेवटचा नकाशा पार करायचा आणि पुन्हा पहिला नकाशा आला की सांगायचं, सोप्या, मी खोटं बोललो होतो आणि तू बरोबर होतास. दोन्ही एकदमच सांगायचं होतं. नाटक्या आहे ना मी, मला तसला शेवट हवा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास. पाय धुतलेस. या वेळी मी तुला ओढून आत खुर्चीवर बसवलं, कारण कॉम्प्युटरच्या वायरी उंबऱ्यापर्यंत पोचत नव्हत्या. टँकचा तो सुरुवातीचा बाजा वाजला आणि तू डोळे मिटून घेतलेस. पहिल्यांदा आयुष्यात मी पाखराजवळ थांबलो आणि तुला वर पाठवलं. आणि मग कळलं रे. दोन्ही बाजूंनी येतात ते. नुसतं इकडून तिकडं पळावं लागतं आणि कुणी शाबास म्हणत नाही. तू वर मस्त शिकार करून राहिला होतास. तू म्हणालास, "आज समजलं का तुला?" मी म्हणालो, "खेळ गुमान." सातव्या नकाशावर लाईट गेली.

तू बाहेर जाऊन बघून आलास. शेजारच्या आळीत पंखे चालू होते, म्हणजे फेजच गेली होती. वरचा फ्यूज पडलाय, म्हणालास. सबस्टेशनला दोनदा फोन लावलास, उचलला नाही. "ऱ्हाऊ दे. सांजच्याला बघू. बांबूबी वल्ला हाय, रात्री भुरभुर झाली ना." मी म्हणालो, "संध्याकाळी मला पाहुण्यांकडे जायचंय आणि उद्या पहाटेची गाडी आहे. बघ की जरा. तुला काय, दहा मिनिटांचं काम." तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. सवयीनं माणूस चप्पल शोधतो तसा तू चप्पल शोधलीस आणि गेलास. आपला वाद तेव्हा चालूही नव्हता. कुणी हरलं नव्हतं.

मी कॉम्प्युटरसमोर बसून वाट बघत होतो. बल्ब लागतो का ते बघत होतो, तसाच, तेरा वर्षांचा असल्यासारखा. मग विहिरीकडून ओरडा आला.

त्यानंतरचं मी तुला सांगायला नको, पण एक सांगितलं पाहिजे. तुला खाली उतरवल्यावर लोक जमले, तासाभरानं तालुक्याहून जमादार आले, पंचनामा सुरू झाला. जमादारांनी विचारलं, "याला वर चढायला कोणी सांगितलं?" दादा म्हणाले, "कोणी न्हाई साहेब. त्याचं तसंच व्हतं. आपल्या मनानंच जायचा." मागून कुणीतरी बोललं, "पोळ्याची उतरली नसंल." एकदोघं हसलेही असतील, मी बघितलं नाही. मी दादांच्या मागं उभा होतो. माझ्यापासून जमादार चार पावलांवर होते. मी तोंड उघडलं नाही. खिडकीतून बघत होतो तेव्हा जसा होतो, तसाच उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत पुसेगावच्या बाजारात पोचलं होतं की आपल्या साखऱ्याकडचा तो माळकरी दारू पिऊन डीपीवर चढला. माळ घालून पितो म्हणजे बघा, असंही लोक म्हणाले. ज्यांच्या घरात तू दिवे लावलेस त्यांनीच हे म्हटलं.

दहाव्याला तुझी बायको, रुक्मिणीवहिनी, मला एका बाजूला बोलावून म्हणाली, "भाऊजी, तुमच्याच घरून गेला व्हता ना तो?"

"हो."

"त्यानं घेतली व्हती का?"

"नाही वहिनी. थेंबही नाही."

"मला म्हाईत हाय. मी तुमाला इचारून नाही राहिले, मी सांगून राहिले. मला बाकी काई नको. पण पोरगी शाळेत जाते, तिला पोरी म्हणतेत तुझा बाप दारुडा. तेवढं लोकाइला सांगा. तुमी सांगितलं तर ऐकतील, माझं कोन ऐकतंय?"

मी म्हणालो, सांगतो. आणि तीन दिवस सांगितलं नाही. पारापर्यंत जायचो आणि परत यायचो. कारण दारू प्यायला नव्हता असं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग वाळकं-ओलं कळणारा माणूस ओला बांबू घेऊन गेलाच कशाला? त्या प्रश्नाला माझ्याशिवाय उत्तर नाही. परवा दादांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. "बोलून तो परत येणार हाय का? लोक दोन महिन्यात इसरतेत. तू गाडी धर अन् जाय." त्यांची चूक नाही. ते पाखरू राखत होते, आणि पाखरू मी होतो. मी ताटावरून उठलो.

तुझा राग येतोय मला, सोपान, हेही लिहितो. नाही म्हणायचं होतंस. एकदा तरी मला स्पष्ट नाही म्हणायचं होतंस. करडू गेलं तेव्हा शिव्या घालायच्या होत्यास, बापाला माझं नाव सांगायचं होतंस. तू सगळं सोसून मला इतकं सोपं करून ठेवलंस की "बघ की जरा" म्हणायला माझी जीभ अडखळली नाही. आणि तुझे उपकारही आहेत, ते फेडायचे कसे, मला ठाऊक नाही. मी क्लासमध्ये जे काही हुशार म्हणून बोलतो, त्यातलं निम्मं उंबऱ्यावर बसलेल्या एका माणसाचं आहे.

काल सकाळी मी तालुक्याला ठाण्यात गेलो. जमादार ओळखीचे हसले, चहा मागवला, दादांची तब्येत विचारली. मी म्हणालो, सोपानच्या प्रकरणात मला जबाब द्यायचाय. त्यांनी दार लोटून घेतलं.

"तो प्यायलेला नव्हता," मी म्हणालो. "दोन तास माझ्या शेजारी बसला होता. त्याला मी पाठवलं. तो नको म्हणत होता."

"कशासाठी पाठवलं?"

"गेम खेळायचा होता."

"कसला गेम?"

"कॉम्प्युटरवरचा. टँकचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नाही तो. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "रमेशराव, असं करा. घरात प्यायला पाणी नव्हतं, मोटर बंद पडली व्हती, म्हणून पाठवलं, असं लिहितो. त्याचंबी नाव साफ होतं अन् तुमचंबी बरं दिसतं. गेमसाठी मानूस गेला म्हणलं तर लोक तुमच्या तोंडावर थुकतील."

बाहेर कुणीतरी रांगेत खोकत होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाण्यासाठी गेला म्हटलं की तुझी माळही स्वच्छ राहिली असती आणि मी संध्याकाळच्या गाडीनं औरंगाबादला गेलो असतो. आणखी एक शेवट रचायचा, एवढंच. मला ते येतं.

"पाणी होतं," मी म्हणालो. "गेमच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हणालो, मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचलं, "मयत सोपान हा दारू प्यालेला नव्हता. मला व्हिडिओ गेम खेळण्यासाठी लाईट पाहिजे होती म्हणून मी त्याला त्याच्या मनाविरुद्ध डीपीवर पाठवले."

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि सही केली.